अजून एक हात मारून देतो!

‘पॉलिश’ या एका शब्दाने आपल्याकडे जेवढा घोळ घातलाय, तेवढा सेमिस्टर पॅटर्ननेही घातला नसेल. हसू नका, खरं सांगते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर सोमवारी असेंब्लीला सिस्टर रांगेतून फिरून सगळ्यांचे बूट तपासायच्या. त्यामुळे पॉलिश म्हणजे डबीतलं काळं काहीतरी बुटाला फासायचं आणि ब्रशने चमकवायचं, ही व्याख्या डोक्यात पक्की बसली. बुटाचं पॉलिश बुटावर चढतं. गाडीचं मशीन पॉलिश मात्र गाडीवर काही चढवत नाही, ते गाडीवरून काढतं! शब्द एकच आणि कामं एकदम उलट.

हा फरक गाडी देणाऱ्याला माहीत नसतो. मशीन धरणाऱ्यालाही बऱ्याचदा कुणी सांगितलेला नसतो. मग चुकीच्या पॉलिशने रंगाची वाट लागली की गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं, “टेन्शन घेऊ नका, अजून एक हात मारून देतो!” माझं म्हणणं असं, की हे उत्तर बंद झालं पाहिजे. बिघडलेला रंग सुधारताना पहिलं काम मशीन चालवण्याचं नाही, मोजण्याचं आहे. आणि मोजायची सोय न करता जो दुसऱ्याच्या हातात मशीन देतो, नुकसानीची जबाबदारी त्याची. मशीन धरणाऱ्या पोराची नाही.

तुम्ही म्हणाल, मासिकाच्या मराठी विभागात पावसाच्या कविता सोडून हे काय ड्युको पुराण? तर मित्रांनो, ज्या ब्रँचमध्ये आपण चार वर्षं काढतो तिच्याबद्दल मराठीत बोलायचंच नाही, असा काही नियम नाही ना?

आधी आपण कशाला घासतोय ते बघू. गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली फॉस्फेटचा थर असतो. त्यावर अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने बसवलेला ई-कोट. गंजापासून पत्र्याचा खरा रखवालदार तोच. त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं, काही गाड्यांवर त्याहूनही कमी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर सगळी चमक अवलंबून आहे, तो केसापेक्षाही पातळ! चंदनाचं खोड सहाणेवर रोज उगाळलं तर वर्षाअखेर केवढं उरतं ते आजीला विचारा. इथे तर खोडच केसाएवढं.

बरं, क्लिअर कोट फक्त शोभेला नसतो. उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं त्यातच मिसळलेली असतात. बीअर-लँबर्टचा नियम आठवतो? किरण किती शोषले जाणार हे थराच्या जाडीवर ठरतं, आणि तेही सरळ प्रमाणात नाही. समजा, पूर्ण थरातून १ टक्का किरण आत जातायत. तोच थर घासून निम्मा केला तर २ टक्के जातील असं वाटतं. पण जातात १० टक्के! दहापट! म्हणून जोरदार रबिंग झालेली गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते, आणि पुढे उन्हात उभी राहून राहून तिचा क्लिअर कोट लवकर पांढरट पडून पापुद्रे सोडू लागतो. तेव्हा मालक म्हणतो, कंपनीचा रंगच खराब!

मग घासायची ही सवय आली कुठून? त्याचं उत्तर त्या ‘ड्युको’ शब्दातच आहे. आपले पेंटर अजूनही गाडीच्या रंगाला ड्युको म्हणतात. हे मूळ अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव, १९२० च्या दशकातलं. ते लॅकर फवारून झालं की घासूनच चमकवावं लागायचं. म्हणजे रबिंग ही दुरुस्ती नव्हती, रंगकामाचीच एक पायरी होती. पुढे कितीतरी वर्षं गाड्यांवर क्लिअर कोट नसलेला एकथरी रंग असायचा. वरचा फिका पडलेला भाग घासला की खालून ताजा रंग निघायचा. उस्ताद हे शिकला, त्याने शागिर्दाला शिकवलं. आता रंगाची रचना बदलली, पण हात तोच राहिला. यात कारागिराला हसण्यासारखं काही नाही. आपलं सिलॅबस तरी कुठे वेळेवर बदलतं?

आता मशीनकडे येऊ. गॅरेजमध्ये दिसतं ते बहुतेक रोटरी मशीन, म्हणजे पॅड एकाच केंद्राभोवती गरगर फिरतं. १८० मिलिमीटरचं पॅड ३००० आरपीएमवर फिरवलं तर कडेचा वेग किती? कॅल्क्युलेटर काढा. सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाट भागात मोटारीला जेवढी वेगमर्यादा आहे, तेवढा! गाडी जागेवर उभी आणि तिच्या बॉनेटवरून लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड शंभरच्या स्पीडने चाललंय.

१९२७ साली प्रेस्टनने काचेच्या पॉलिशिंगसाठी एक साधं समीकरण मांडलं. किती माल निघणार हे दाब गुणिले वेग यावर ठरतं. सेमीकंडक्टरचे वेफर पॉलिश करतानाही आज त्याच समीकरणाचा आधार घेतात. दाब दुप्पट केला की दुप्पट माल निघतो, वेग दुप्पट केला तरी तेच, आणि दोन्ही दुप्पट केले तर चौपट. बॉनेटवरची उंच धार, दाराची कड, मडगार्डचा बाक अशा ठिकाणी पॅड टेकायला जागाच थोडी, म्हणजे तोच जोर कमी क्षेत्रफळावर. एस.ओ.एम.च्या पहिल्या लेक्चरचं सूत्र! त्यात धारेवर रंग मुळातच पातळ बसलेला. म्हणून जळायचं तिथेच आधी जळतं. प्लॅस्टिकच्या बंपरचं आणखी वेगळं दुखणं. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लॅस्टिक ती एका जागी धरून ठेवतं.

बिघाडाचे प्रकार ओळखता आले की अर्धं काम झालं. उन्हात गाडीभोवती फिरताना बॉनेटवर लाटांसारखे पट्टे सरकताना दिसले, तर ते होलोग्राम. रोटरीने एकाच वळणात पाडलेले अतिबारीक चरे एकाच दिशेला प्रकाश फेकतात, म्हणून पट्टा सरकल्यासारखा वाटतो. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसली, तर ते सगळ्या दिशांचे चरे. ते मळकं पॅड, धूळ किंवा गाडी पुसायच्या कळकट फडक्याने पडतात. रंग धुरकट दिसत असेल तर जाड कंपाउंड मारून पुढची बारीक पायरी गाळली आहे. हे तिन्ही प्रकार क्लिअर कोट पुरेसा शिल्लक असेल तर सुधारतात. चौथा प्रकार वेगळा. धारेवर एखादा भाग अचानक मॅट झालाय, रंगाची छटा बदलली आहे किंवा खालचा राखाडी प्रायमर डोकावतोय. तिथे थरच संपला. जे उरलेलंच नाही त्याला पॉलिश काय करणार?

आणि यातली खरी चलाखी ऐका. कंपाउंडमधलं तेल आणि फिलर चऱ्यांमध्ये जाऊन बसतं, त्यामुळे डिलिव्हरी घेताना गाडी झकास दिसते. वर गॅरेजमध्ये ट्यूबलाइट. तिच्या पसरट उजेडात चरे दिसतच नाहीत. दोन-चार वेळा गाडी धुतली की तेल जातं आणि सगळं उघडं पडतं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

गेल्या वर्षी माझ्या मामाच्या गाडीचं अगदी हेच झालं. गडद निळी सेकंडहँड सेडान, मामेबहिणीच्या लग्नाआधी चमकवायला एका गॅरेजात दिली. “उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे,” ही मामाची अट. गाडी आली तेव्हा सगळे खूश. लग्न झालं, दोनदा गाडी धुतली आणि भर उन्हात बॉनेटवर निळ्याऐवजी राखाडी लाटा. मधल्या धारेवर बोटभर लांब फिकट पट्टा. मामासोबत मीही गॅरेजात गेले. मालकाने एकदा बॉनेटकडे बघितलं आणि मागे उभ्या असलेल्या पोराकडे बोट केलं, “साहेब, याने घाई केली. त्याच्या पगारातून कापतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका, अजून एक हात मारून देतो.”

तो पोरगा फार तर माझ्याएवढा असेल. एक शब्द बोलला नाही. आम्हाला वर्कशॉपमध्ये जॉब मोजायला व्हर्निअर मिळतो, मायक्रोमीटर मिळतो, वर इन्स्ट्रक्टर सर डोक्यावर उभे असतात. तरीही जॉब रिजेक्ट झाला तर फार तर सबमिशन लांबतं. त्याला काय मिळालं होतं? एक रोटरी, एक लोकरीचं पॅड, एक जाड कंपाउंडचा डबा, एक ट्यूबलाइट आणि ‘उद्या संध्याकाळ’. किती जाडी शिल्लक आहे हे सांगणारं काहीच नाही. आंधळ्या कोशिंबिरीत गडी भिंतीवर आपटला तर दोष कुणाचा, गड्याचा की डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्याचा?

मामाने पगार कापू नका म्हणून बजावलं आणि गाडी तिथे परत न टाकता ओळखीच्या एका वयस्कर पेंटरकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी मशीनला हातच लावला नाही. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या मित्राकडून त्यांनी रंगाची जाडी मोजणारा गेज मागवला. गंमत बघा, गाडी विकत घेणारा व्यापारी खिशात गेज घेऊन फिरतो, कारण लांबी भरलेली जागा त्याला पकडायची असते. आणि गाडी घासणाऱ्याकडे तो नसतो! दारांवर ११० ते ११८, टपावर १२१, बॉनेटच्या सपाट भागावर ८४ आणि त्या धारेवर ३८. चाचा म्हणाले, “दारं होतील. बॉनेटला आता घासायचं नाही.” बस, मला या विषयातलं सगळ्यात मोठं वाक्य तेच वाटतं.

हा गेज म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. लोखंडी पत्र्यावर तो चुंबकीय प्रवर्तनाने मोजतो, ॲल्युमिनियमवर एडी करंटने. साधा गेज काही हजार रुपयांत मिळतो. त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. तो सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतो, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही. प्लॅस्टिकवर तो चालत नाही. आणि आकडा मोठा म्हणजे रंग भक्कम असंही नाही, खाली लांबी असेल तर आकडा फुगतो. म्हणून एका आकड्यावर जायचं नाही. दहा ठिकाणी मोजायचं, शेजारच्या पॅनलशी ताडून बघायचं आणि जिथे आकडा अचानक पडतो तिथे थांबायचं.

पुढचं काम चाचांनी केलं ते पायरीपायरीने सांगते, कारण प्रत्येक पायरीमागे कारण आहे. आधी गाडी नीट धुतली आणि क्ले बारने रंगात रुतलेले कण काढले. नाहीतर तेच कण पॅडखाली येऊन नवे चरे पाडतात. मग धारा, रबर आणि काळ्या पट्ट्यांवर मास्किंग टेप. ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात चोळून बघितलं. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, एकथरी रंग आहे असं समजायचं. इथे फडकं पांढरंच राहिलं. त्यानंतर दारावर हातभर जागेत चाचणी, तीही सगळ्यात सौम्य जोडीने. म्हणजे मऊ फोमचं पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. मशीन रोटरी नाही, डी.ए., म्हणजे ड्युअल ॲक्शन. यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका छोट्या वर्तुळातही हलतं, त्यामुळे चरे एका दिशेचे पडत नाहीत आणि उष्णताही कमी होते. सौम्य जोडीने भागलं नाही तरच एक पायरी वर जायचं. गाडी सावलीत आणि पत्रा थंड, कारण तापल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं.

प्रत्येक भाग झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढायचं आणि मग टॉर्च एका बाजूने धरून बघायचं. ही पायरी गाळणारा स्वतःलाच फसवतो. दारांवरचे होलोग्राम गेले. दोन खोल चरे चाचांनी मुद्दाम ठेवले. “एवढ्यासाठी सगळा थर खायचा का?” असं म्हणाले. मला हे फार पटलं. शंभर टक्के चरे काढणं हे चांगल्या कामाचं लक्षण नाही, गरजेपुरतं काढून थांबणं हे आहे. शेवटी संरक्षणासाठी सीलंट.

बॉनेटचं मात्र रंगकामच करावं लागलं. सगळीकडे पॉलिशपेपर मारून पृष्ठभाग खरबडीत केला, उघडा पडलेला भाग प्रायमरने झाकला, मग बेस कोट, मग क्लिअर. मेटॅलिक रंग असल्यामुळे शेजारच्या पॅनलच्या कडेला छटा मिळवत न्यावी लागली, नाहीतर बॉनेट दुसऱ्याच गाडीचं वाटलं असतं. पॉलिशला लागलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च आला. रोग परवडला पण औषध नको, म्हणतात ते हेच.

आता आक्षेप. पहिला, “चार चरे पडले तर काय बिघडलं? गाडी चालते ना?” चालते. होलोग्राम तसेच ठेवून गाडी चालवायची असेल तर खुशाल चालवा, अर्धवट ज्ञानाने घासण्यापेक्षा ते बरं. पण धार उघडी पडली तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही. कोकणातली खारी हवा किंवा आपला चार महिन्यांचा पाऊस पत्र्यापर्यंत पोचला की गंज थांबत नाही. आणि गाडीवरच ज्याचं पोट आहे, त्या टुरिस्ट टॅक्सीवाल्याला गाडी विकताना प्रत्येक डाग पैशात मोजावा लागतो.

दुसरा आक्षेप, “सिरॅमिक कोटिंग मारा, सगळं झाकलं जाईल.” नाही जाणार. ते कोटिंग जेमतेम मायक्रॉनच्या हिशोबातलं आणि पारदर्शक. चऱ्यांवर मारलं तर चरे काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे जपले जातील. घासून गेलेला थर त्याने भरून येत नाही.

तिसरा आक्षेप गॅरेजवाल्यांचा, आणि तो खरा आहे. “गिऱ्हाईक पैसे चमकेचे देतं, मोजायचे देत नाही. आम्ही दोन दिवस मागितले तर ते शेजारच्या गॅरेजात जातं.” म्हणजे यात आपणही आलो. मामाची ‘उद्या संध्याकाळ’ही आली. ताईच्या लग्नाची घाई होती हे मान्य, पण त्या घाईचा दंड पोराच्या पगारातून भरायचा हा कुठला न्याय? म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या गॅरेजात गेज नाही, लिहून ठेवलेली पद्धत नाही आणि शिकवणारा नाही, तिथे नुकसान झालं तर ते मालकाने सोसावं. आपण कॉलेजात ‘प्रोसेस कंट्रोल’ म्हणून जे घोकतो ते हेच ना? रिजेक्शन वाढलं की आधी प्रोसेस तपासा, ऑपरेटरला शेवटी पकडा. परीक्षेत हे लिहून मार्क मिळवायचे आणि रस्त्यावर मात्र “पोऱ्याने केलं” म्हणून मान डोलवायची, हे बरोबर नाही.

आय.टी.आय.मध्ये ‘मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग’ नावाचा ट्रेड आहे, पण गॅरेजातली कितीतरी पोरं तिथपर्यंत पोचत नाहीत, थेट मशीनलाच जुंपली जातात. मग आपण काय करू शकतो? आपल्या टेक्निकल फेस्टमध्ये रोबो भिडवायला दोन दिवस मिळतात. त्यातला एक शनिवार आजूबाजूच्या गॅरेजातल्या पोरांसाठी ठेवूया. एक भंगारातलं बॉनेट आणायचं, चौकोन आखायचे, गेजने मोजायचं, वेगवेगळ्या पॅडने घासायचं, पुन्हा मोजायचं. किती सेकंदांत किती मायक्रॉन गेले हे त्यांनी स्वतः फळ्यावर लिहायचं. मुद्दाम एक धार जाळून दाखवायची. भंगारातल्या बॉनेटवर जळलेली धार कुणाच्या पगारातून कापली जात नाही. आणि शिकवणार फक्त आपण असंही नाही. पॅडचा आवाज बदलला की थांबायचं, हे चाचांसारख्या माणसाकडून आपल्यालाही शिकायचं आहे. ते कुठल्याच टेक्स्टबुकात नाही.

तोपर्यंत एवढं तरी करा. घरची गाडी पॉलिशला देताना तीन गोष्टी विचारा. मोजणार का? आधी हातभर जागेत करून दाखवणार का? आणि पुसून उन्हात दाखवणार का? तिन्हींना ‘हो’ आलं तर गाडी द्या, आणि लागेल तेवढा वेळही द्या. आणि कुणी म्हणालं, “अजून एक हात मारून देतो,” तर हसून विचारा, “दादा, खाली किती उरलंय?”

– टी. ई. (मेकॅनिकल)